मुकादमाला न सांगता

आमच्या नांदूरघाटात कॅप्टन म्हटलं की एकच माणूस, विमान चालवणारा. केजला जाणारी जीप खच्चून भरलेली असली, तरी तो आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचा, चाकं दाबायचा, खाली वाकून तेल गळतंय का पाहायचा. जीपवाला वैतागायचा, "बे कॅप्टन, हे काय इमान हाय का?"

"इमानाला बघायला धा माणसं असत्यात," कॅप्टन शांतपणे म्हणायचा. "हिला कोण हाय?"

मंदीत त्याच्या कंपनीची विमानं एकेक करत जमिनीवर आली. पगार थांबला, सोबतचे वैमानिक दुसरीकडे पांगले आणि हा गावी येऊन बसला. रोज गुळगुळीत दाढी, चकचकीत बूट. डेअरीवर दूध घालायलाही तेच बूट. विचारलं तर म्हणायचा, "कधीबी बोलावतील."

मग दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. महिनाअखेरपर्यंत कळवा, म्हणाले. माझं केजला झेरॉक्सचं दुकान. आनंदाच्या भरात मी त्याच्या सगळ्या कागदांच्या प्रती फुकट काढल्या. त्या घेऊन हा घरी जाऊन बसला.

"आता कावून थांबलास?" मी विचारलं.

"जुन्या कंपनीच्या सायबाला सांगितलं न्हाई अजून. फोनच उचलंनात."

त्याचे आईवडील जन्मभर ऊसतोडीला गेलेले. मजूर नेणाऱ्या मुकादमाला न सांगता फड सोडून पळणाऱ्याला पुढे कुठली टोळी उभं करत नाही. "आमच्या घरातलं कुणी तसं पळालं न्हाई," तो म्हणायचा. ढगात जाऊनही तुझं डोकं उसाच्या फडातच, असं मी त्याला तोंडावर बोललो. ते बोलणं मला अजून खुपतं.

शेवटी त्यानं माझ्याच दुकानात राजीनामा छापून रजिस्टरनं पाठवला. पोच आल्याशिवाय हलायचं नाही, हे ठरलेलं. रोज पोस्टात चक्कर. महिना संपायला दोन दिवस उरले आणि पाकीट जसंच्या तसं परत आलं. या पत्त्यावर आता कोणी नाही, असा शेरा होता.

ते घेऊन आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो. आई ज्वारी पाखडत होती. मी तिला काय झालं ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी मुकादमच पळाला की," ती म्हणाली. "ऊठ, पिशवी भर."

कॅप्टन आधी हसला, मग लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेला. निघताना आईला, मला, डेअरीवाल्याला, पोस्टमनला, झाडून सगळ्यांना सांगून गेला.