दामूकाका आणि कुडपणची चढण

कमांडोंच्या निवडीचा कोर्स संपला त्या सकाळी आमचे जमा केलेले फोन परत मिळाले. मी पहिला फोन घरी लावला. "आबा, निवड झाली!" आबा म्हणाले, "दामू गेला रे... अठरा दिवस झाले. तुला कळवता आलं नाय." दामूकाका म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. बाजूला पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि मला एकच गोष्ट आठवत होती. काकाला काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

कोर्सला नाव दिलं तेव्हा मी मनातून पार घाबरलो होतो. चांगले धडधाकट गडी तिथून आठवड्यात परत आलेले मी पाहिले होते. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन कुडपणला आलो, तर काकाने दुसऱ्याच दिवशी माझ्या पाठपिशवीत वीस किलो वाळू भरली. पहाटे गावातून दरीत उतरायचं आणि ओझ्यासकट पुन्हा वर चढायचं. काका रिकाम्या पाठीने, पण माझ्या पुढे. एकदा त्याने विचारलं, "भ्या वाटतं काय?" मी म्हटलं, "वाटतं." "मग बरं हाय. न भिणारा गडी पाय बघून टाकत नाय."

सुट्टीचे दहा दिवस उरले असताना शेवटच्या वळणावर काका मटकन खाली बसला. ओठ काळेनिळे, शर्ट घामाने चिंब, डावा हात छातीशी आवळलेला. मी ओझं फेकलं. "काका, गाडी बोलावतो, पोलादपूरला दवाखान्यात जाऊ." त्याने माझं मनगट धरलं. एवढ्या मजबूत माणसाची पकड लहान पोरासारखी ढिली लागली. "दम लागलाय नुसता. काकीला सांगायचा नाय. हितं थांबलास तर तुझं सगळं वाया जाईल." अर्ध्या तासाने तो उठला. मी गप्प राहिलो... आणि खरं सांगायचं, तर त्या भीतीतही मला थोडं हायसं वाटलं होतं. उद्याची चढण चुकणार नव्हती. उरलेले दहा दिवस मी त्याच्या मागून चालताना पायाखालची वाट बघत नव्हतो, त्याची पाठ बघत होतो.

त्या फोननंतर गावी निघालो, तेव्हा महाडला एसटीतून उतरल्यापासून मला काकीसमोर जायची धास्ती होती. कोर्समध्येही इतका घाबरलो नव्हतो. ती ओटीवर वाल निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही. "मला ठाव होतं. तू यायच्या आधीच डाक्तरानं त्यांना चढ बंद सांगितला होता." तिने वालातला एक खडा बाजूला टाकला. "तू गेल्यावरपण ते जायचेच. पोर तिकडं वझं घेऊन चालत असंल, मी अंथरुणात कसा पडू, म्हणायचे. गेले त्या दिवशी बुटाची नाडी बांधता बांधता हितंच कलंडले."

"काकी, तू अडवलं का नाहीस गो?"

"निवृत्त झाल्यापासून माणूस घरात मुका होता रे. त्या दोन महिन्यांत हसायला लागला... मग माझ्याच्याने नाय अडवलं गेलं. तू भ्यालास, तशी मीपण भ्यायले. आपण दोघंबी गप्प बसलो."

तिने मला माफ केलं की स्वतःबरोबर दोषात धरलं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्या रात्री काकीकडेच झोपलो. पहाटे दाराची कडी वाजली. काका बाहेर पडायच्या वेळेला काकी अजून दार उघडून ठेवते. मी बूट चढवले आणि अंगणात आलो. ती उंबऱ्यात उभी होती.

"सावकाश जा रे," ती म्हणाली. आणि मग तोंडाला पदर लावून म्हणाली, "त्यांना एवढंसुदिक कधी म्हटलं नाय."