फणसाला बोलणारी काकी

जगात शांत माणसं पुष्कळ असतील, पण मला त्यांचं कधी कौतुक वाटलं नाही. राग मुळात नसेलच, तर तो आवरण्यात कसला आलाय पराक्रम? राग आवरावा तर आमच्या धाकट्या काकीने. तिचं माहेर हरिहरेश्वराकडचं आणि त्या घराचा राग पंचक्रोशीत प्रसिद्ध. भरतीचं पाणी वाडीत शिरलं की तिचे वडील म्हणे किनाऱ्यावर जाऊन समुद्राला दम देत आणि ओहोटी लागली की ‘बघा, ऐकलंन की नाही!’ म्हणत घरी परतत. पोरांना मात्र ते असे दमावर सोडत नसत. काकीच्या भावाच्या पाठीवर वेताचे वळ कायमचे राहिले होते. ते बघत वाढलेल्या काकीने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं की पोरांवर हात उगारायचा नाही आणि ओरडायचंही नाही. अशा बाईच्या पदरात देवाने आमचं श्रीवर्धनचं घर टाकलं. तिची स्वतःची बाबी तान्ही, माझी आई सदा अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आम्ही दांडगी भावंडंही तिच्याच गळ्यात.

निश्चय केला म्हणून राग थोडाच जातो? काकीने त्याला वाटा काढून दिल्या होत्या. राग लहान असला की ती अख्खी सुपारी गालात टाकी. ती मऊ होईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम. आणि आमच्या वाडीतली सुपारी काही लवकर मऊ पडणारी नव्हे. गाल फुगलेला दिसला की आम्ही मुकाट पाट्या घेऊन बसायचो. राग मोठा असला तर ती परसात जाऊन फणसाच्या झाडाला फैलावर घेई. ‘मेल्या, देवाचं तेल सांडून घसरगुंडी करतोस? एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?’ शेजारची आजी कुंपणावरून विचारी, ‘आज काय केलान गो तुझ्या फणसानं?’ काकी गंभीरपणे सांगे, ‘ह्यांचं धोतर कापलंन हो, पतंगाला शेपूट हवं म्हणून.’ त्या झाडाला फणस मात्र असे लागत की शिव्यांचं खत मानवलं, असं गावात बोललं जाई.

एकदा मी तिला विचारलं, ‘काकी, तुला आमचा राग येत नाही?’

‘येतो की. चांगला बापाचा राग आहे, माहेरून आणलाय,’ ती म्हणाली. ‘पण माहेरून आणलेलं सगळंच घरात वाटायचं नसतं.’

एका कार्तिकात अवचित वादळ झालं. काका सुपारी विकायला मुंबईला गेले होते आणि शिडाच्या मचव्याने परत यायला निघाले होते. सकाळी बंदरावरचा खलाशी दारात येऊन म्हणाला, ‘वहिनी, मचवा न्हाय आला. कुठं हाय, कुनाला ठाव न्हाय.’ काकी आत वळली, तर पडवीत आम्ही वेगळाच पराक्रम करून ठेवलेला. तिने आठवडाभर खपून मोठी, मध्यम, बारीक अशी सुपारी निवडून ढीग लावले होते. काकांना आल्या आल्या मोठ्ठा ढीग दिसावा, म्हणून आम्ही ते सगळे एकत्र केले होते आणि शाबासकीची वाट बघत उभे होतो.

काकीचा चेहरा लालबुंद झाला. हात वर गेला, तो तिने दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. सुपारी तोंडात टाकली आणि मुकाट्याने आम्हाला गोल करून बसवलं. गावातल्या बायका बंदरावर निघाल्या होत्या. शेजारची आजी हाक मारायला आली. काकीने गालातली सुपारी काढून हातात घेतली. ‘मी रडत बसले तर ही पोरं कुणाच्या तोंडाकडे बघतील?’ एवढंच म्हणाली आणि तिन्ही सांजांपर्यंत आमच्याकडून सुपारी निवडून घेतली. नुकत्याच रांगू लागलेल्या बाबीने पुन्हा पुन्हा ढीग मोडले, काकीने पुन्हा पुन्हा लावले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आमच्या माना पेंगू लागल्या. बाबी तिच्या एका मांडीवर, माझं डोकं दुसऱ्या मांडीवर. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर दारात काका! मचव्याने दिघीच्या खाडीत आसरा घेतला होता आणि ते तिथून चिखल तुडवत चालत आले होते. त्यांनी काकीला मोठ्याने हाक मारली.

काकीने ओठांवर बोट ठेवलं. ‘हळू बोला,’ ती म्हणाली. ‘आत्ताच डोळा लागलाय पोरीचा.’

काका ओल्या कपड्यांनी तिथेच उंबऱ्यावर बसले. माझ्या डोक्याखालची तिची मांडी थरथरत होती, आणि बाबीला थोपटणारा हात मात्र एका लयीत चालला होता. काकीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मायेची माणसं मला पुढे खूप भेटली, पण तशा मांडीवर डोकं ठेवून झोपायला पुन्हा काही मिळालं नाही.