काचेवरचे बारीक दाणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता सांगायला बसले आहे.

हिंगणघाटच्या एका लहान लॅबमध्ये मी रक्त तपासते. रक्तगट पाहायचा म्हणजे काचेवर रक्ताचे थेंब घ्यायचे, एकात 'ए'चं औषध मिसळायचं, दुसऱ्यात 'बी'चं. ज्यात गुठळ्या होतील तो गट; दोन्हींत झाल्या तर एबी. सोपं वाटतं ना? पण काहींच्या रक्तात 'ए' इतका दुबळा असतो, की गुठळ्या उशिरा येतात, रव्यासारख्या बारीक. घाईत त्या दिसतच नाहीत.

कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या गजाननचा गट लग्नाआधी मीच लिहून दिला होता — बी. घाई होती का तेव्हा? आठवत नाही. त्याची मुलगी शाळेत जायला लागली, तिचाही मीच तपासला. ए. आणि तिची आई, वंदना, ओ.

गजानन लॅबमध्ये आला. आवाज अगदी खाली होता. "माहा बी, हिचा ओ. मंग पोरीचा ए कसा आला?"

मी त्याचं रक्त पुन्हा घेतलं. 'बी'च्या थेंबात लगेच गुठळ्या. 'ए'चा थेंब मात्र तसाच — मी काच हलवत राहिले. आणि मग ते दिसले. बारीक दाणे. म्हणजे तो एबी होता. पोरीचा ए त्याच्याकडूनच आला होता. चुकले होते मी.

तो बाहेर बाकावर बसला होता. सांगायला किती वेळ लागला असता? मी काच बेसिनमध्ये धुतली, बाहेर गेले, आणि म्हणाले — बीच आहे.

त्याच आठवड्यात वंदना एकटी आली. "ताई, तपासणी चुकते का जी कधी? घरात कोणी मले बोलून नाई राह्यलं."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही चुकत," म्हणाले.

त्यांची फारकत झाली. वंदना पोरीला घेऊन सिंदीला भावाकडे राहते, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. मागे एकदा बसस्टँडवर भेटली. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात तीच जवळ आली — माझी मुलं कशी आहेत, विचारलं. पोरीला म्हणाली, ताईंच्या पाया पड. पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

नोकरी गेली असती म्हणून गप्प राहिले, असं म्हणता आलं असतं. पण ती जाणार नव्हती. लॅबचे डॉक्टर चार शब्द बोलले असते. त्या चार शब्दांना मी घाबरले.