मावळतीचं दार

पुढच्या दारात बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. ओल्या, ताज्या तोडलेल्या. काटे गल्लीकडं करून.

माझी माय डोक्यावर पाण्याची घागर घेऊन गल्लीत उभी होती. नव्या घरात पहिलं पाऊल तिनं टाकायचं, असं ठरलं होतं. तिच्या मागं बा, बाच्या मागं मी. समोरच्या ओट्यावर देशमुख लिंबाच्या काडीनं दात घासत बसला होता. त्यानं थुंकी टाकली ती मायच्या पायापासून हातभर अंतरावर.

"बुरडा, आंधळा झालास का? दार तिकडं हाय. मागं."

बानं हात जोडले. "मालक, घर घेतलंय जी म्या. मुन्शीजीकडून. रजिस्टर झालंय."

"घेतलंस की. न्हाई कोण म्हणतंय? घर तुझं, गल्ली माझी. आन दार कुणीकडं हाय ते कचेरीत तूच सांगितलंस. मावळतीला. ही उगवत हाय. का कालेजातल्या पोरानं बापाला दिशा बी शिकवल्या न्हाईत?"

ओट्यावरची माणसं हसली. माय हलली नाही. मान हलली असती तर पाणी सांडलं असतं. मग बा वळला, त्याच्या मागं माय वळली. घराला लांब वळसा घालून, उकिरड्याच्या कडेनं, नाला ओलांडून आम्ही आमच्याच घरात परसदारानं शिरलो. मी सगळ्यात शेवटी.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो होतो. हैदराबादेहून पेटी घेऊन आलो होतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजचा उंबरा ओलांडलेला मी पहिला. आणि मला माझ्या घराचा उंबरा ओलांडता आला नाही.

आम्ही बुरूड. सुपं, टोपल्या, धान्य साठवायच्या कणग्या विणणारी माणसं. बाच्या हातची कणगी सिरसाळ्याच्या बाजारात नाव घेऊन मागायचे. पण राहायला आमच्याकडं गावाबाहेर तट्ट्यांचं खोपट. वारा आला की माय दोन्ही हातांनी कूड धरून बसायची. तिला भिंती पाहिजे होत्या. दुसरं तिनं जन्मात काही मागितलं नाही.

मुन्शीजी सरकारी नोकरीतून उतरलेले. मुलगा हैदराबादेत, त्याच्याकडं कायमचे निघाले. गावातलं घर विकायचं होतं. ते बाला म्हणाले, "तू घे. तुझी नियत साफ आहे." जातीचं त्यांना काही वाटलं नाही. ते निघून जाणार होते, हेही खरं. गल्लीत राहायचं होतं ते आम्हाला.

मी परीक्षेत अडकलेलो. बा थांबला नाही. मला चकित करायचं त्याच्या मनात होतं.

कचेरीत खरेदीखत लिहिलं त्या दिवशी बा आत गेला नाही. आत जा असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणायच्या आधीच तो बाहेर लिंबाखाली बसला होता. लिहिणारा आतून ओरडून विचारायचा, बा बाहेरून ओरडून सांगायचा.

"उगवतीला काय?"

"देशमुख मालकाची गल्ली."

गावात सगळेच तिला तसं म्हणायचे. बानंही तेच म्हटलं. झाली गल्ली देशमुखाची, कागदावर.

"दरवाजा कुणीकडं?"

"मावळतीला जी."

लिहिणाऱ्यानं उर्दूत लिहिलं, दरवाजा मगरिब रुख. वाचून दाखवलं. एक अक्षर न कळता बानं मान डोलावली. मुन्शीजी वाचून झाल्यावर आले, त्यांना दिसतही कमी होतं, बोटानं दाखवलं तिथं त्यांनी सही केली. साक्षीला देशमुखाचा कारभारी होता. त्यानं सगळं ऐकलं. बोलला काही नाही. तो बोलेल कशाला?

काट्यांच्या दिवशी, परसात उभं राहून मी बावर तुटून पडलो.

"बा, कावून सांगितलंस असं? मला एक पत्र टाकलं असतंस!"

"मंग काय सांगू? मुन्शीजीच्या घराचं दार तेच की."

"ते परसदार हाय!"

"आसंल. मला दुसरं ठाव न्हाई." बा शांतपणे म्हणाला. "जन्मभर टोपल्या घिऊन इथनंच आलो. देशमुखाच्या ओट्यावरनं आपल्याला कुणी जाऊ दिलंय? तू बी माझ्यासंगं इथंच येत हुतास. तुला तरी पुढलं दार कुठं ठाव हुतं?"

लहानपणी सुपांची चवड घेऊन मी याच परसदारात उभा राहायचो. त्या घराला पुढूनही दार असेल, ही गोष्ट कधी माझ्या मनात आली नव्हती. बानं मला पत्र टाकलं असतं तरी काय झालं असतं? मीही लिहून कळवलं असतं, मावळतीला. इतिहास वाचलेला, तर्कशास्त्र वाचलेला मी. देशमुखाला खोटं बोलावं लागलं नाही. त्याच्या बापजाद्यांनी आम्हाला मागून यायला शिकवलं होतं. आम्ही शिकलेलं बोललो, आणि सरकारनं त्यावर शिक्का मारला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी कुठून आलो आहे.

तालुक्याच्या वकिलाकडं गेलो. त्यानं मला ओसरीच्या पायरीवर बसवलं आणि एकामागून एक सवाल टाकले. विकणारा खरा मालक होता? होता. दुसऱ्या कुणाचा हिस्सा निघतो का? नाही. घर कुठं गहाण आहे? नाही. भिंत सामाईक आहे? एक आहे. घरात आड आहे? नाही.

"वाट लिहून घेतली?"

"वाट? वकीलसाहेब, घर घेतल्यावर वाट कोण लिहून घेतं?"

"ज्याला अडवणार आहेत, त्यानं घ्यावी."

हैदराबादेला जाऊन मी मुन्शीजींना गाठलं. ते बिचारे कपाळाला हात लावून बसले. "बेटा, मैं तो हर रोज उसी दरवाजे से निकला. किसी ने पूछा तक नहीं." त्यांनी तसं लिहून दिलं. बाच्या नावानं मी दावा लावला. देशमुखाच्या वकिलानं उत्तर दिलं, मुन्शीजी आमच्या मर्जीनं जात होते, हा त्यांचा मान होता. मान विकता येत नाही. मुन्सफानं ते टिपून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

मग नुसत्या तारखा. पहाटे निघायचं, उन्हात चालायचं, कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहायचं. पुकारा झाला की कळायचं, आज मुन्सफ दौऱ्यावर. आज वकील आजारी. गल्लीतली दोन माणसं साक्षीला येतो म्हणाली होती. तारखेला एकाची म्हैस व्याली, दुसरा आष्टीला सासुरवाडीला गेला. बाचा बाजार बुडत होता. मला नोकरी मिळत नव्हती. जिथं जाईन तिथं नाव विचारायचे, मग आडनाव, आडनावानंतर जागा भरलेली असायची.

एका तारखेला देशमुख स्वतः आला. व्हरांड्यात बाच्या समोर उभा राहिला. आवाज मऊ.

"बुरडा, किती हेलपाटे घालशील? मी काय वैरी हाय तुझा? जा की पुढल्या दारानं. मीच जाऊ देतो. फकस्त पायतान हातात घ्यायचं. ओट्यावर माणसं बसली आसली तर थांबायचं. एवढं लिहून दे आन दावा मागं घे."

कारभाऱ्यानं तहनामा पुढं केला. आमचा वकीलसुद्धा म्हणाला, "घ्या. जायला मिळतंय ना? अजून काय पाहिजे?"

बाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं अंगठा पुढं केला.

मी कागद वाचला. उर्दू मला येत होतं. त्यात एक शब्द होता, इजाजत. परवानगी. परवानगी घेतली की हक्क संपला. सकाळी दिलेली परवानगी संध्याकाळी काढून घेता येते. आणि मग कुठल्याही कचेरीत तोंड उघडायची सोय राहत नाही, कारण तूच लिहून दिलंस की वाट तुझी नव्हती. एकदा लिंबाखालून लिहून दिलं होतं. आता व्हरांड्यातून.

मी बाचं मनगट धरलं.

"अंगठा लावायचा न्हाई."

"सोड पोरा. जाऊ तर देतंय."

"जाऊ देणारा तो कोण?"

देशमुखाचा मऊ आवाज गेला. "लई शिकवलंस बे पोराला. आता त्यालाच खांद्यावर घिऊन फिर."

मी तहनामा कारभाऱ्याच्या हातात परत दिला. फाडला नाही. फाडला असता तर तेवढ्यावरून मला आत टाकलं असतं. बा तसाच घराकडं निघाला. दोन कोस वाट, आणि माझा बाप माझ्या दहा पावलं पुढं.

दुसऱ्या दिवशी वकिलानं मला सुनावलं. "तुमच्या घराला दुसरं दार आहे. कायदा म्हणतो, तुमचं अडत नाही. मागं दार असेपर्यंत तुमची बाजू लंगडी."

"आणि दारच नसेल तर?"

तो हसला. "आपल्या हातानं बुजवलेलं दार कोर्ट मोजत नाही. बी.ए. आहात, एवढं कळायला हवं."

मला कळलं होतं. तरी मी घरी येऊन परसदाराची चौकट काढली. दगड नाल्यातले, माती परसातली. बा भिंतीला टेकून बसला होता. "मारतील तुला," एवढंच म्हणाला. उठला नाही. मायनं पदर खोचला आणि दगड द्यायला लागली. दिवस मावळायच्या आत मावळतीचं दार भिंत झालं. मग पुढच्या दारातले काटे मी ओढून काढले.

आता या घराला एकच दार आहे. माय त्यातून पाण्याला जाते. मी पायात जोडा घालून जातो, ओट्यावर माणसं असोत नसोत. शिव्या येतात. परवा दगड आला, बाच्या खांद्याला लागला. त्या दिवशीही तो त्याच दारानं बाजाराला गेला, कारण दुसरं उरलेलंच नाही. माझ्यावर तो अजून रागावलेला आहे. असू दे.

दावा चालू आहे. इथं हरलो तर वरच्या कचेरीत जाईन. तिथं हरलो तर त्याच्या वरच्या. कुणाचीही परवानगी मी घेणार नाही, फुकट दिली तरी नाही. सगळीकडं हरलो तरी सकाळी याच दारातून बाहेर पडेन. ज्याला अडवायचं आहे त्यानं रोज उठून अडवावं.