नानांचा क्लीनर

इंदूरजवळच्या राऊ गावचे नाना गाडी हलवण्याआधी मान किंचित मागे वळवून विचारायचे, "चलें, भिया?" मागे भाऊबिऊ कुणीही नसायचं. उभा जन्म त्यांनी इंदूर-खंडवा बस चालवली आणि क्लीनरला विचारल्याशिवाय ती कधी हलवली नाही. निवृत्तीनंतर छोटी गाडी आली, क्लीनर गेला, सवय राहिली.

आम्ही काही इंजिनीअर जवळच सिमरोलच्या प्रयोगशाळेत वयस्कर चालकांसाठी गाडीत बसवायचं यंत्र तयार करत होतो. धोका दिसला की ते लाल दिवा लावून किंचाळायचं. मी त्याच्यावर भलतीच खूश होते. चाचणीसाठी नानांना गाठलं. पहिल्याच फेरीत यंत्र ओरडलं, नाना दचकून पडद्याकडे बघू लागले आणि गाडी भाजीच्या ठेल्याला घासता घासता राहिली. चूक यंत्राची, बोलणी नानांना. त्यांचा मुलगा सुधीर म्हणाला, "बाबा, अब बस! पंधरा दिवसांनी माझ्यासमोर इंदुरात तुकोगंजपर्यंत चालवून दाखवा. जरा गडबड झाली, की चाबी माझ्याकडे."

दोन दिवस गेले. मग नानांचा मलाच फोन. "बेटा, तुझी मशीन डांटते. डांट खाऊन कोणी गाडी चालवतं का? आमचा क्लीनर पत्र्यावर हात मारायचा. एक ठोका, रुको. दोन ठोके, चलो. ज्या बाजूला ठोका, तिकडे ध्यान. नजर रस्त्यावरून हटायचीच नाही."

एवढं शिकून मला हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. आठवडाभर खपून आम्ही यंत्राचं तोंड बंद केलं आणि सीटच्या पाठीत डावी-उजवीकडे ठोका देणाऱ्या दोन छोट्या मोटरी बसवल्या. नानांनी टेकून पाहिलं. "हाँ, हा आपला माणूस!"

ठरल्या दिवशी निघालो. मी नानांच्या शेजारी, सुधीर मागे तोंड वाकडं करून. एका चौकात नाना डावीकडे वळणार, तेवढ्यात मागून एक स्कूटर त्याच बाजूने सुसाट घुसली. मला ती दिसायच्या आत डाव्या ठोक्यासरशी नानांनी गाडी जागच्या जागी उभी केली होती. सुधीर पुढे सरकून नानांच्या सीटची पाठ चाचपू लागला.

नाना आता नाहीत. त्यांचा क्लीनर मात्र कितीतरी आजी-आजोबांच्या सीटमध्ये बसला आहे. मला आठवतं ते तुकोगंज. सुधीर उतरला, मीही उतरले. नानांनी खिडकीतून चाबी त्याच्यापुढे धरली. त्याने त्यांचा हात हळूच आत सारला. नानांनी गाडी सुरू केली, सवयीने मान वळवली. "चलें, भिया?"

सुधीरने पत्र्यावर तळहाताने दोन ठोके मारले, आणि नाना आम्हा दोघांना तिथेच विसरून निघून गेले.