खंडेनवमीचा न फोडलेला नारळ

"मावशी, क्रिएटिनिन अकरा आलंय." डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता सांगितलं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. तो एकाच्या आसपास पायजे. "दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागंल."

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, शेजारच्या खुर्चीत होते. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, म्हणून अनवाणीच आणलं होतं. त्यांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "कायमचं."

मी बेंबळी गावची. घरची पिठाची गिरणी हाय, ती मीच चालवते. तुमच्या घरात हा आजार निघाला तर गोळ्या, पथ्य सगळं डॉक्टर सांगतील. मशीनचं कुणी सांगणार न्हाय, म्हणून हे लिहिते. आणि एका माणसावर माझा दात हाय, तेही लपवत न्हाय.

डायलिसिस म्हणजे रक्त नळीतून मशीनमधे न्यायचं, साफ करायचं, परत अंगात सोडायचं. चार तास लागतात. त्याला पाणी एकदम शुद्ध पायजे. त्यासाठी मागच्या खोलीत आरओ प्लांट असतो. तो बिघडला की सगळी मशीनं एकदम बंद पडतात. हे मला डायलिसिस सेंटरातल्या सिस्टरनं पहिल्याच आठवड्यात समजावलं. लई गुणाची पोरगी.

खंडेनवमीला सेंटरात मशीनची पूजा झाली. झेंडूचे हार, हळदकुंकू, पेढे. आमच्याकडं गिरणीची पूजा करायची तर आधी पट्टा तपासायचा, दगडाला छिन्नीनं टाकी लावायची, तेल द्यायचं, मग हार घालायचा. इथं नुसताच हार. मी उरलेली फुलं घेऊन मागच्या खोलीत गेले तर प्लांटचा फिल्टर तांबडा झालेला, नळाला पांढरा थर. आमच्या भागाचं पाणी किती जड हाय, ते कुठल्याबी बाईच्या हंड्यावर दिसतं. दाराला सुतळीनं एक वही बांधली होती. वर 'देखभाल' लिहिलेलं, आत एक अक्षर न्हाय.

सेंटरच्या इनचार्ज साहेबांना म्हणलं, "साहेब, फिल्टर बदलून घ्या. पाणी तुंबंल."

चार माणसांत हसले. "मावशी, ही पिठाची गिरणी न्हाय. इथं इंजिनिअर बघतेत."

मी फुलं तिथंच ठेवून मालकांजवळ जाऊन बसले. ती माझी चूक. तेव्हाच भांडायला पायजे होतं.

तीन आठवड्यांनी सोमवारच्या फेरीला गेलो तर दाराला कागद चिकटवलेला, 'तांत्रिक कारणाने बंद'. पाण्याच्या प्लांटचा पार्ट यायचाय म्हणाले. गुरुवारी या. गुरुवारी म्हणाले सोमवारी या. शनिवारी सकाळी मालकांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. पोटॅशियम वाढलं होतं. तो रक्तातला एक क्षार हाय, फार वाढला तर काळीज मधेच थांबतं. जीप करून सोलापूर गाठलं. सगळ्या वाटेवर मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

तिथले डॉक्टर म्हणाले, "वाचले. पण हृदयाला धक्का बसलाय. पहिल्यासारखं काम करणार नाही." आता दोन पायऱ्या चढले तरी मालकांना दम लागतो. पोतं उचलणारा माणूस, पाण्याचा तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी धरतो.

साहेबांना जाब विचारला तर म्हणाले, "टेक्निकल बाब हाय, तुम्हाला कळायची न्हाय." तेव्हा पार्ट बदलला, खरं. पण त्यानंतर दर फेरीला मी मागं जाऊन वही उघडायची. वर्षभर कोरीच राहिली. मालक म्हणायचे, "सोड आता, माझा जीव त्यांच्या हातात हाय." मी म्हणायची, म्हणूनच सोडायचं न्हाय.

परत खंडेनवमी आली. जुन्या पेशंटच्या घरच्या बाईनं नारळ फोडायचा, अशी तिथली रीत. साहेबांनी मला बोलावलं. मी नारळ हातात घेतला आणि वही मागितली. सिस्टरनं सुतळी सोडून आणून दिली. मी महिन्याचं नाव घेत एकेक पान सगळ्यांना दाखवत गेले. "चैत्र, कोरा. वैशाख, कोरा. ज्येष्ठ, कोरा." सहा पेशंट सुया टोचलेल्या हातांनिशी पडून ऐकत होते. साहेब झेंडूच्या हाराकडं बघत उभे राहिले. वर्षभर ज्या घटकेची वाट बघितली ती हीच, आणि खोटं कशाला बोलू, मला गोड लागली.

नारळ मी त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणलं, "वहीत सर्व्हिसची सही पडू द्या, मग फोडते."

दर फेरीला मी तो नारळ उचलून कानाशी हलवून बघायची, पाणी हाय का अजून. बाकीच्या पेशंटच्या घरचेबी तसंच करायला लागले. साहेब फायलीत डोकं घालायचे. पाचव्या फेरीला इंजिनिअर आला, फिल्टर बदलला, वहीत सही केली. तेव्हा मी नारळ फोडला. पहिला तुकडा साहेबांच्या हातात दिला आणि ते चावून खाईपर्यंत समोर उभी राहिले.

तुमचं माणूस मशीनवर असंल तर लाजू नका. शेवटची सर्व्हिस कधी झाली, मशीन बंद पडलं तर दुसरी सोय कुठं, हे पहिल्या दिवशीच विचारा. लेखी घ्या. सिस्टरचे उपकार मी जन्मभर विसरणार न्हाय. साहेबांना माफ केलं का, तर न्हाय.

पुढच्या सर्व्हिसची तारीख आता वहीत लिहिलीय. दुसरा नारळ मी आजच त्यांच्या टेबलावर ठेवून आले.