आबांचं खाकरणं

आमच्या घरात सिगारेट कुणीच ओढत नव्हतं. आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून उघड बिडी ओढायचे, पण तिला कुणी व्यसनात धरत नसे. माझा नवरा सिगारेट ओढायचा, मात्र बापासमोर ओढायची नाही असा इकडचा रिवाज, म्हणून तो 'ओढत नव्हता'. लोणी देवकरच्या कंपनीत माणसांवर हुकूम सोडणारा, केस पिकत आलेला हा गृहस्थ घरी आला की उसाकडच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन चोरून धूर काढायचा. मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, मला या लपाछपीचं हसू यायचं. शर्ट धुताना रागही यायचा.

मग आबांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला. ठेच लागली असेल म्हणून हळद भरून झाली, पण जखम काही भरेना. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्यात. बिडी चालू राहिली तर माझ्या औषधाचा उपयोग नाही. आज अंगठा आहे, उद्या पाऊल काढावं लागेल." आबा सगळा जन्म उसाच्या सरीतून अनवाणी चाललेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "सूनबाई, पाय न्हाय तर मी दिसभर करू काय गं?"

त्याच दवाखान्यात व्यसन सोडायला मदत करणाऱ्या एक बाई बसायच्या. त्यांनी आबांना ना भीती घातली, ना उपदेश केला. तलफ काही मिनिटांत ओसरते, म्हणाल्या, तेवढा वेळ कसा काढायचा ते आधीच ठरवून ठेवा. पाणी प्या, तोंडात काही तरी टाका, हाताला काम द्या. सुरुवातीला चिडचिड होईल, झोप उडेल, पण ते जातं. एखादी ओढली गेलीच तर सगळं संपलं असं मानू नका, परत सोडा. फारच जड गेलं तर औषधं आहेत, डॉक्टरांना विचारा. "आणि घरात आणखी कुणी ओढत असेल तर त्यानंही सोबत सोडावी. एकट्याला अवघड जातं. आहे का कुणी?"

माझा नवरा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघू लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबाच म्हणाले, "न्हाय. कुणी न्हाय."

मी ओवा आणि बडीशेप भाजून डबा भरला. तो भराभर रिकामा व्हायला लागला, कारण त्यात दोन हात जात होते. नवऱ्यानंही गुपचूप सिगारेट सोडली होती. "मग सांग ना आबांना," मी म्हटलं, "त्यांना तेवढाच धीर येईल."

"कसं सांगू? सोडली म्हणलं की ओढत व्हतो हे आलंच की."

दोघंही एकाच वेळी भडकायचे, आणि एकमेकांवर भडकता येत नाही म्हणून माझ्यावर. चहा गोड झाला, भाकरी करपली, दार का वाजलं. एकदा मी पातेलं आपटून म्हटलं, "तलफ तुमची, आणि बोलणी मी का खायची?" दोघांनीही मान खाली घातली.

एका संध्याकाळी आबा ओट्यावर दिसेनात. पाण्याचा तांब्या घेऊन मी शोधत गेले. मोटारीच्या खोलीच्या पायरीवर ते बसले होते, बोटांत बिडी, दुसऱ्या हातात काडेपेटी. बिडी अजून पेटलेली नव्हती. मी दोन पावलं पुढे झाले. तेवढ्यात कंपनीतून आलेला नवरा पलीकडून आला आणि जागीच थबकला.

मग तो सरळ आबांच्या शेजारी पायरीवर बसला. असा बापाच्या खांद्याला खांदा लावून बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"आबा, जरा दम धरा," तो म्हणाला. "मलाबी आत्ता लई तलफ आलीया. मीबी सोडलीया. दोघं मिळून एवढा वेळ काढू."

आबांनी मान वर केली नाही. "म्हाईत हाय मला. हितं यायच्या आधी त्या कोपऱ्यावर मी एवढ्या मोठ्यानं का खाकरायचो, तुला काय वाटलं?"

आम्हाला तो बिडीचा खोकला वाटायचा. मी तर त्यावर कितीदा ज्येष्ठमधाचा काढा करून दिला होता, आणि आबा तो मुकाट पीत आले होते.

"तुला इझवायला सवड मिळावी म्हणून," आबा म्हणाले. "बापाम्होरं पोराची मान खाली जाऊ नये."

नवरा ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. आबांनी बिडी चुरगाळून पाटाच्या पाण्यात सोडली, काडेपेटी माझ्या हातात दिली आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी तांब्या पायरीवर ठेवला. दोघं त्यातलंच पाणी आळीपाळीनं प्यायले.

अंगठ्याचं टोक गेलं, पाऊल राहिलं. आता आबा चप्पल घालून उसाकडे जातात आणि संध्याकाळी दोघं त्या पायरीवर ओवा चघळत बसतात. जुनी सवय मात्र सुटत नाही. काल मी मागेच होते. कोपऱ्यावर आबा थांबले आणि मोठ्यानं खाकरले.

मोटारीच्या खोलीतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "या आबा, या. काय न्हाय हातात."